भूकंप थांबला, हे देहाला कोणी सांगायचे?

(आपत्तीच्या काळात मदतकार्य केलेल्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे हे शब्दरूप.)



संयोजकांनी मला निमंत्रण दिले तेव्हा ‘आपत्ती आणि पत्रकारिता’ असा विषय सुचविला होता. तो मी बदलून मागितला. आपत्तीत पत्रकाराने काय करावे, हे सांगण्याइतपत अनुभव माझ्यापाशी असेलही. परंतु आपत्ती पत्रकाराचे काय करते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती तुमच्यासारख्या कार्यकर्त्यांचे काय करते, याविषयी बोलावे असे मला वाटले. या सभागृहात माळीणला गेलेली माणसे आहेत, तळियेला आणि इर्शाळवाडीला गेलेली आहेत. २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे होड्या घेऊन गेलेली आहेत. करोनाच्या काळात, रक्ताचे नातेवाईक स्मशानाच्या फाटकाशी थबकले तेव्हा पुढे होऊन अग्नी देणारी माणसेही येथे बसली आहेत. आपण किती धान्य वाटले, किती घोंगड्या दिल्या, किती मृतदेह हलविले याच्या नोंदी आपल्या वह्यांत असतात. ते सारे करून आलेला माणूस घरी परतल्यावर किती रात्री झोपला नाही, याची नोंद कुठल्याही वहीत नसते. आज मी तेवढ्याच विषयावर बोलणार आहे.

सुरुवात स्वतःपासून करतो. दुसऱ्याच्या दुःखावर व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपती विसर्जन करून माणसे उशिरा अंथरुणावर पडली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरची जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर ही नावे त्या दिवशी साऱ्या देशाला ठाऊक झाली. दख्खनचे हे पठार म्हणजे अढळ कातळ, येथे भूकंप कसला, अशी तोवरची समजूत. त्यामुळे घरे बांधताना कोणी त्याचा विचार केला नव्हता. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच छप्पर त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आले. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. त्यावर भर म्हणून पावसाने झोडपले.

मी तेव्हा पंचविशीत होतो. सोलापूरच्या एका दैनिकात नुकताच चिकटलेला. कला शाखेचा पदवीधर, डोक्यात साहित्य, खिशात दोन पेने. दुसऱ्या दिवशी नळदुर्ग, उमरग्यामार्गे आम्ही किल्लारीत पोहोचलो. जे पाहिले त्याचे वर्णन करणार नाही. ते मी त्या काळी पुरेसे केले आहे, आणि तुमच्यापैकी अनेकांना त्याची गरजही नाही. एकच गोष्ट सांगतो. दगडांच्या ढिगावर नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा बसला होता. मांडीवर ॲल्युमिनियमचा एक डबा. मी त्याच्याजवळ बसलो, पाठीवर हात ठेवला आणि विचारले, घरात कोण कोण होते? त्याने सांगितले. तेवढ्यात आमच्या छायाचित्रकाराचा रोल संपला. नवा रोल भरेपर्यंत उजेड कमी झाला, म्हणून मुलाला थोडे बाजूला बसविले आणि पुन्हा विचारले. त्यानंतर एक नाव नीट ऐकू आले नव्हते, म्हणून तिसऱ्यांदा विचारले. तिसऱ्या वेळी त्याने ती सारी नावे शाळेत धडा म्हणावा तशी एका सुरात म्हटली. दुसऱ्या दिवशी ती बातमी पहिल्या पानावर आली आणि माझे कौतुक झाले.

आठवडाभराने मी घरी परतलो. कामाला लागलो. मला काहीही झालेले नव्हते. हे वाक्य मी पुढची जवळजवळ वीस वर्षे म्हणत होतो.

रात्री घरासमोरून अवजड ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली, की मी दारापाशी उभा असे. अंथरुणातून कधी उठलो ते आठवत नसे. पहाटे चारच्या सुमारास जाग येई ती कायमची. फिनेलचा वास आला की पोटऱ्या कापत. बातमीसाठी रुग्णालयात जायचे असले, की मी सहकाऱ्याला पुढे करीत असे. २६ जानेवारी २००१ रोजी भूजचा भूकंप झाला. किल्लारीचा अनुभव असलेला माणूस म्हणून माझे नाव पुढे आले, आणि त्याच संध्याकाळी मला फणफणून ताप भरला. तो ताप खरा होता, थर्मामीटरमध्ये दिसत होता. तरीही ‘घाबरला’ असे शब्द पाठीमागे उच्चारले गेले. मला त्यांचा राग आला नाही. कारण माझेही मत तेच होते.

एके दुपारी वरच्या मजल्यावर कोणीतरी लोखंडी कपाट फरशीवरून ओढले. घरभर गडगडाट झाला. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, शेजारी बसून चित्र काढीत होती. मी तिला दंडाला धरून अंगणात ओढले आणि वर तिच्यावरच ओरडलो, लवकर उठायला काय झाले? दंडावर माझी बोटे उमटली होती. त्या रात्री ती तिच्या आईला विचारत होती, “बाबा कोणाला घाबरतात?” माझ्या रागाच्या तळाशी भीती आहे, हे त्या मुलीने मला कळण्याआधी ओळखले होते.

त्यानंतर मी डॉक्टरांकडे गेलो. छातीचा आलेख उत्तम होता, रक्त उत्तम होते. त्यांनी मला मानसोपचाराकडे पाठविले. तेथील बाई वयाने ज्येष्ठ होत्या. मी फाईल घेऊन, मनात सगळी घटना क्रमवार लावून गेलो होतो; पत्रकाराची सवय. त्यांनी भूकंपाविषयी चकार शब्द विचारला नाही. त्या म्हणाल्या, “तुमचे पाय आत्ता कुठे टेकलेत?” मी म्हणालो, जमिनीवर. “जमीन कशी आहे? गार की कोमट?” मला राग आला. एवढ्या गंभीर विषयात या फरशीचे तापमान विचारतात! पण खरे सांगतो, मला उत्तर देता आले नाही. मला माझे पाय जाणवतच नव्हते. गुडघ्याखाली मी नव्हतोच.

मित्रहो, आपल्या भाषेला ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, घशाशी आवंढा येतो, अंगावर काटा उभा राहतो, पायाखालची जमीन सरकते. भय आणि शोक यांचे आपले बहुतेक वाक्प्रचार शरीराचे आहेत. त्यातून सुटका झाली की जीव भांड्यात पडतो, तोही शरीराचाच अनुभव. शिकलेल्या माणसाने मात्र अशी समजूत करून घेतली, की दुःख मनात असते आणि मन म्हणजे विचार. म्हणून विचार बदलला की दुःख संपले. मीही स्वतःला किती वेळा बजावले असेल, की किल्लारी साडेतीन-चार तासांच्या अंतरावर आहे आणि भूकंप केव्हाच थांबला आहे. हे मला कळत होते. माझ्या पोटऱ्यांना कळत नव्हते.

याचे कारण मेंदूच्या रचनेत आहे. आपल्या मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग आहे. त्याला अमिग्डाला म्हणतात. त्या ग्रीक शब्दाचा अर्थच बदाम. धोक्याची सूचना देणे हे त्याचे एक मुख्य काम. विचार करणाऱ्या पुढच्या भागाला काय घडते आहे ते नीट उमगण्याआधीच तो हृदयाला, स्नायूंना, श्वासाला आदेश देऊन मोकळा होतो. सापासारखी दोरी दिसताच आपण आधी उडी मारतो आणि मग ती दोरी असल्याचे पाहतो, ते यामुळेच. त्याच्या शेजारी हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. आठवणीला स्थळ-काळाची जोड देण्यात त्याचा मोठा वाटा असतो. पराकोटीच्या भयात या जोडणीत बिघाड होतो, असे संशोधक मानतात. मग ती घटना ‘तेव्हा, तिथे घडली’ अशी साठविली न जाता सुट्या तुकड्यांत राहते: एक वास, एक गडगडाट, एक थरथर. तुकडा समोर आला की शरीराच्या लेखी ती पहाट आत्ताच उजाडते. वासाचा मार्ग तर इतर संवेदनांपेक्षा अमिग्डालाच्या अधिक जवळून जातो. माझ्या फिनेलचे कोडे मला तेथे सुटले.

वैद्यकशास्त्रालाही हे मान्य करायला वेळ लागला. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले सैनिक थरथर कापत, त्यांची वाचा जाई. तोफगोळ्यांच्या हादऱ्याने मेंदूला इजा झाली असावी, असे सुरुवातीला वाटले आणि १९१५ साली ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे असे दिसले, की जे गोळ्यांच्या जवळपासही नव्हते तेही कापत आहेत. मग त्यांना भेकड ठरविणे सोपे झाले. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणाव ही व्याधी आपल्या अधिकृत सूचीत घातली. किल्लारीनंतर महिन्याभरात वाचलेल्या लोकांची एक तपासणी झाली. तिचे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. त्यात निम्म्याहून अधिक लोकांत निदान करण्याजोगी मानसिक व्याधी आढळली होती. मी तेव्हा त्याच भागाच्या बातम्या लिहीत होतो. सिमेंट किती आले, पत्रे किती आले, यावर मी रकाने भरले. या विषयावर एक ओळ लिहिली नाही.

तर त्या बाईंनी माझ्याकडून काय करवून घेतले? आठ-दहा आठवडे जवळजवळ काहीच नाही, असे बाहेरच्याला वाटले असते. खुर्चीत बसायचे. डोळे उघडे ठेवायचे. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ध्यान म्हटले की लगेच डोळे मिटतात. ताज्या आघाताच्या माणसाला डोळे मिटून शांत बसविले, तर कधी कधी आतला सारा लोंढा अंगावर येतो. अशा अवस्थेतील माणसाला थेट दीर्घ ध्यानशिबिरात पाठवू नये. जाणत्या वैद्याला विचारून जावे. तर डोळे उघडे. पायांचे तळवे जमिनीला कुठे लागतात ते पाहायचे. पाठ खुर्चीला कुठे टेकली आहे ते पाहायचे. शरीरात जिथे त्यातल्या त्यात बरे वाटते, अशी एक जागा शोधायची. मला तळहात सापडले. मग लक्ष हळूच छातीतल्या आवळलेपणाकडे न्यायचे, दोन क्षण थांबायचे, आणि सोसेनासे होण्याआधी तळहातांकडे परत यायचे. विहिरीत पोहायला शिकणारे पोर काठ धरून जसे एक-दोन हात मारते आणि परत काठ धरते, तसे हे. अमेरिकेतील पीटर लेव्हिन यांनी अशा पद्धतीची मांडणी केली असून त्यांचे पुस्तक १९९७ साली आले. त्यांचे सगळेच सिद्धान्त सर्वमान्य नाहीत. काठ धरण्याची युक्ती मात्र मला तारून गेली.

श्वासाचेही तसेच. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना किंचित मंदावते. हे यंत्रावर दिसते. व्हेगस नावाचा मज्जातंतू हे काम करतो. म्हणून घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांबविला, तर शरीराला आतूनच संदेश जातो, की आता पळायचे कारण उरलेले नाही. प्राणायामाची परंपरा असलेल्या समाजाला हे नवे वाटू नये. नवे आहे ते त्याचे मोजमाप. बेसेल व्हॅन डर कोल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. जुन्या, उपचारांना दाद न देणाऱ्या आघातोत्तर तणावाच्या ६४ स्त्रिया त्यात होत्या. दहा आठवड्यांच्या योगवर्गानंतर त्यांच्यातील ५२ टक्के स्त्रिया त्या व्याधीच्या निकषांत बसेनाशा झाल्या. नुसत्या आरोग्यशिक्षणाच्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. प्रयोग लहान आहे, त्यावरून योगाने सगळे बरे होते अशी दवंडी पिटू नये. आपल्याकडची प्रत्येक गोष्ट परदेशी शिक्का बसला की आपल्याला थोर वाटते, हीही एक व्याधीच आहे. तिच्यावर पुन्हा केव्हातरी बोलू.

आपल्या संतपरंपरेत देहभान हरपण्याचे मोठे कौतुक आहे, आणि ते योग्यच आहे. पण जे हरपायचे ते आधी असावे लागते. आघाताने माणसाचे देहभान हिरावले जाते. ते समाधीने हरपणे नव्हे. ते चोरी होणे आहे. चोरीला गेलेली वस्तू आधी परत मिळवावी लागते.

आता मेंदूला नव्याने शिकविण्याविषयी. लहानपणी आपण पाढे पाठ केले. एकोणतिसाचा पाढा एकदा समजावून घेतल्याने कोणाला आला आहे काय? तो म्हणावा लागतो, चुकावा लागतो, पुन्हा म्हणावा लागतो. प्रौढ मेंदू बदलत नाही ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. लंडनमधील टॅक्सीचालक सारे शहर रस्त्यांसह तोंडपाठ करतात. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे २००० साली दिसून आले. एरिक कँडेल यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले, तेही शिकताना चेतापेशींच्या जोडण्यांत काय बदल होतात, हे समुद्री गोगलगाईवर दाखवून दिल्याबद्दल. मग भीती शिकलेला मेंदू निर्भयता का शिकणार नाही?

शिकतो. पण एक बारकावा आहे, आणि तो कळला नाही तर माणूस निराश होतो. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवे शिक्षण उभे राहते. शेतातून जुनी पायवाट गेलेली असते. आपण दुसरीकडून चालू लागतो. काही महिन्यांनी नवी वाट मळते आणि जुनीवर गवत उगवते. वाट मात्र तेथे असतेच. थकवा, आजारपण, घरातला मृत्यू अशा प्रसंगी पाय पुन्हा जुन्या वाटेला लागतात. त्याचा अर्थ सारे मुसळ केरात गेले असा नव्हे.

मी माझी नवी वाट मळली ती रेल्वेच्या फाटकापाशी. बाईंच्या सल्ल्याने, एका मित्राला सोबत घेऊन. प्रथम फाटकापासून दोनशे पावलांवर. मालगाडी येई, जमीन थरथरे, माझे हृदय उसळे. पळायचे नाही, दात-ओठ खाऊन सोसायचेही नाही. पाय टेकलेले आहेत हे पाहायचे, श्वास लांब सोडायचा, आणि उसळलेले हृदय किती वेळात खाली येते ते घड्याळात पाहायचे. पहिल्या दिवशी अकरा मिनिटे लागली. मी ती वहीत लिहिली. पंधरा-वीस दिवसांनी शंभर पावले, मग पन्नास. चार महिन्यांनी फाटकाला हात लावून उभा राहिलो तेव्हा दोन मिनिटे लागली. शून्य कधीच झाली नाहीत. मित्र बिचारा रोज तेथल्या टपरीवर माझी वाट पाहत दोन-दोन चहा पीत असे. या उपचाराचा सर्वात मोठा खर्च तोच.

येथे एक इशारा दिला पाहिजे. हल्ली ‘सात दिवसांत मेंदू बदला’, ‘एका शिबिरात आघातमुक्ती’ अशा जाहिराती दिसतात. हजारोंचे शुल्क, मंद संगीत, मोठमोठ्याने रडविणे, शेवटी मिठ्या. माणसे हलकी होऊन बाहेर पडतात आणि पंधरवड्यात होती तेथे येतात; काही तर आधीपेक्षा वाईट अवस्थेत. मनाचे दुखणे हा मोठा बाजार झाला आहे. त्याच वेळी, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेणाऱ्या कार्यकर्त्याला ‘मन खंबीर ठेव, गोळ्या सोड’ असा उपदेश करणारी आपलीच माणसे असतात. तो उपदेश बंद करावा. मधुमेह झालेल्याला आपण मनोबल वाढविण्यास सांगतो काय? काही काळ मीही गोळ्या घेतल्या.

इतके झाले, ट्रकची भीती ओसरली, झोप बरी लागू लागली. पहाटे चारची जाग मात्र जाईना. एके दिवशी बाईंनी विचारले, “चार वाजता कोण येते?” मी नकळत म्हणालो, “तो मुलगा.” आणि तोवर कोणालाही, पत्नीलासुद्धा, न सांगितलेली ती गोष्ट सांगितली. रोल संपल्याची, उजेड कमी झाल्याची, तिसऱ्यांदा विचारल्याची. मला वाटले, बाई म्हणतील, जाऊ द्या, तुमचे कामच होते ते. त्या तसे म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “चुकलेच ते. आता सांगा, तुमच्या कार्यालयातला एखादा नवखा मुलगा असे करून आला आणि तुमच्यासमोर बसून हे सांगू लागला, तर तुम्ही त्याला काय म्हणाल?”

मी काय म्हणालो असतो? त्याला चहा मागविला असता. मग सांगितले असते, की बाबा, पुन्हा असे करू नकोस. असेही म्हणालो असतो, की तूही लहान आहेस, तीन दिवस झोपलेला नाहीस, आणि तुला कोणी शिकविलेच नव्हते. जे मी कोणत्याही परक्या पोराला दिले असते, ते मी स्वतःला वीस वर्षे नाकारले होते. ‘स्वतःवर प्रेम करा’ हे वाक्य आता चहाच्या कपांवर छापलेले असते आणि त्याचा अर्थ बहुधा स्वतःसाठी खरेदी करणे असा असतो. म्हणून मी तो शब्द टाळतो. मला ‘आत्मीयता’ हा आपला जुना शब्द पुरतो. क्रिस्टिन नेफ या अमेरिकन विदुषीने २००३ पासून या विषयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास मांडला आहे. स्वतःशी मृदू वागणे, आपले दुःख सर्व मानवांच्या दुःखाचाच भाग आहे हे ओळखणे, आणि त्या दुःखाला न फुगविता, न दडपता पाहणे, असे तीन पदर त्या सांगतात. गीतेच्या सहाव्या अध्यायातही माणसाने स्वतःशी मैत्र जोडण्याचा विषय आला आहे. आपण मात्र सेवेच्या आवेशात स्वतःला त्यातून वगळतो. पसायदान म्हणताना साऱ्या जीवमात्रांसाठी मागतो; त्या जीवमात्रांत आपला एक नंबर लागतो हे ध्यानात येत नाही.

बाईंनी मला त्या पंचविशीतल्या वार्ताहराला पत्र लिहायला सांगितले. आयुष्यात मी एवढे लिहिले. ते दीड पान लिहायला तीन आठवडे लागले. ते पत्र कोणाला दाखविण्यासारखे नाही. दोष त्यात झाकलेला नाही. शिक्षा मात्र संपविली आहे.

२०१८ साली, भूकंपाला पंचवीस वर्षे होत असताना, मी त्या भागात पुन्हा गेलो. नव्या जागी वसलेली गावे, रुंद रस्ते, मजबूत घरे. एका गावात सत्तरी ओलांडलेले एक आजोबा भेटले. भूकंपात पत्नी आणि दोन लेकरे गेलेली. घराशेजारी त्यांनी पत्र्याची छोटी खोली काढली होती, बाज तिथेच. मी विचारले, “आजोबा, घर चांगले आहे की!” ते म्हणाले, “घर लई मजबूत हाय, सायेब. पर रातच्याला वर बघितलं की झोप येत न्हाई.” मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, “तवा कुणाचं काईच करता आलं न्हाई. समद्यांना एकदमच दिलं ओ अग्नी.” तेव्हा सामूहिक दहन करण्यावाचून गत्यंतर नव्हते. सुतक, दहावा, तेरावा हे विधी आपण परलोकासाठी करतो असे मानतो. मागे राहिलेल्या देहालाही त्यांतून काम मिळते. तेरा दिवस माणसे भोवती असतात, रडायला मुभा असते, हातांना काही करायचे असते, आणि एका दिवशी ते संपते. या माणसाचे ते तेरा दिवस कधी झालेच नव्हते. मी त्यांना सुचविले नाही, पण पुढच्या वर्षी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. आजोबांनी नदीवर जाऊन तिघांचे विधी करून घेतले होते. पत्र्याच्या खोलीत अजून झोपता का, असे मी विचारले. पुतण्या म्हणाला, “हो, पर दार उघडं ठेवून झोपत्यात आता. आधी दारातच बसून असायचे.”

आपल्या कामात काय करता येईल, ते थोडक्यात सांगतो. मदतकार्याहून आलेल्या कार्यकर्त्याला त्याच रात्री घेरून ‘सांग, काय काय पाहिलेस’ असे विचारू नका. अशी एका बैठकीतली सक्तीची उजळणी लाभाची ठरत नाही, काहींना अपायच करते, असे अभ्यासांत आढळले आहे. त्याला आंघोळ, गरम जेवण, झोप आणि आपल्या माणसांची सोबत द्या. बोलला तर ऐका. मृतदेह हलविण्याच्या कामावर त्याच त्या मुलांना सलग लावू नका; पाळ्या बदला. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना त्या कामापासून दूरच ठेवा. उत्साह त्यांनाच सर्वांत जास्त असतो, म्हणून हे आपणच पाहायचे. महिन्यानंतरही झोप, राग, दचकणे, दारू यांत बदल दिसला, तर त्याला एकट्याला सोडू नका. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. तो आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, रुग्णवाहिकेच्या क्रमांकाखाली.

तो मुलगा मला पुन्हा भेटला नाही. मी शोध घेतला, आणि मग थांबविला. आज तो चाळिशी ओलांडलेला असेल. त्याच्यासमोर जाऊन उभे राहण्यात त्याचे भले किती आणि माझे समाधान किती, याचा विचार केला तेव्हा उत्तर मिळाले.

पहाटे चारला अजूनही कधीतरी जाग येते. गेल्या ३० सप्टेंबरलाही आली. पलंगाच्या कडेला बसलो, पाय खाली सोडले. फरशी गार होती. बाहेर कोणाची तरी मोटारसायकल सुरू होत नव्हती, तो दोन-तीनदा किक मारत होता. पत्नीने कूस न बदलताच विचारले, “अहो, चहा टाकू का?” मी म्हणालो, नको, झोपतो. आणि साडेसहापर्यंत झोपलो.